ते पित्त नव्हतं

मा. संपादक,

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी पूजा मांडताना माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "समईभोवती रंगीत कडं दिसतंय गं." मी हूं म्हटलं आणि पोथी उघडली. रात्री त्यांची उजवी भुवई आणि अर्धं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दिवसभराचा उपवास, वर दोन-तीनदा चहा. पित्त खवळलं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. सुंठ-खडीसाखर मीच दिली. सकाळी गावातल्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. डोळा लालभडक होता, तो उलटीच्या जोरानं झाला असेल म्हणून कोणी त्यात बॅटरी मारून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी डावा डोळा चोळताना तो हातानं झाकला गेला आणि त्या तशाच थांबल्या. म्हणाल्या, "तू समोर आहेस ना? मला दिसत नाहीस."

नेत्रतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा उजव्या डोळ्यातला दाब ५४ निघाला. तो साधारण १० ते २१ असावा लागतो. काचबिंदूचा झटका होता. सलाइनमधून औषध, गोळ्या, थेंब देऊन दाब उतरवला. पुढे दोन्ही डोळ्यांत लेसरनं बारीकसं छिद्र पाडून आतल्या पाण्याला वाट करून दिली. त्यामुळे डावा डोळा वाचला. उजव्यानं आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. दाबानं मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही.

काचबिंदू चोरपावलांनी येतो, दुखत नाही, असंच मी आजवर वाचलं होतं. बहुतेक वेळा ते खरंही आहे. पण त्याची ही दुसरी जातही आहे, आणि ती पोटाचं दुखणं वाटावं अशी येते. डोळ्यात सतत एक पाणी तयार होत असतं (अश्रू नव्हेत, हे आतलं) आणि एका अरुंद कोपऱ्यातून ते निचरून जातं. अंधुक उजेडात बाहुली मोठी झाली की काही जणांचा तो कोपरा बंद होतो. पन्नाशी उलटलेल्या बायकांना आणि प्लस नंबरच्या चष्मेवाल्यांना हा धोका जास्त. जाऊबाई ५८ वर्षांच्या, चष्मा प्लसचाच. त्याआधी तीन-चार महिने संध्याकाळी त्यांचं डोकं दुखायचं, दिव्याभोवती कडी दिसायची आणि झोपून उठल्यावर सगळं थांबायचं. त्या सूचना होत्या, हे डॉक्टरांनी विचारल्यावर आमच्या ध्यानात आलं. मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणून वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांनाही, तो आत फुगला तर, असाच झटका येऊ शकतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. घरात कोणाचं डोकं दुखून उलट्या होत असतील तर एकेक डोळा तळहातानं झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. एका डोळ्यानं धूसर दिसत असेल, तो लाल असेल, दिव्याभोवती कडी दिसत असतील, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ गाठा. मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहू नका. गावोगावच्या डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे, पित्ताची गोळी लिहिण्याआधी एकदा डोळ्यात पाहा.

हे पत्र यंदाचा मार्गशीर्ष लागण्याआधी छापलंत तर फार बरं होईल.

एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)