माझ्या मागे येणाऱ्या मोटारसायकलबद्दल

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातली रोड सायकलपटू. वय 31, एका मुलीची आई, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेली. आपल्याकडे ‘प्रोफेशनल’ सायकलपटू म्हणजे साधारण असंच काहीतरी असतं. युरोपात टीम पगार देते. इथं रेल्वे देते, सेनादलं देतात, पोलीस देतात, नाहीतर एखादं सरकारी खातं. याबद्दल माझी तक्रार नाही. राज्यात खेळाडूंना नोकरीत 5 टक्के आरक्षण नसतं तर माझी सायकल केव्हाच माळ्यावर गेली असती.

हे पत्र एका मोटारसायकलबद्दल आहे.

पहाटे पावणेपाचला मी घरातून निघते तेव्हा वीस-पंचवीस फूट मागे ती असते. वर वडील. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, हँडलला दुधाची किटली, कारण परतताना डेअरीत दूध घालायचं असतं. मागच्या कॅरिअरला त्यांनी जत्रेतली लाल लुकलुकणारी माळ गुंडाळलीय. मी शाळेत होते तेव्हाही तेच मागे असायचे. लग्नानंतर काही वर्षं नवरा यायचा. त्याची बदली झाली आणि वडील पुन्हा ड्युटीवर हजर झाले. मधल्या काळात माझ्या सायकली तीन झाल्या, त्यांची गाडी तीच आहे.

एवढा बंदोबस्त कशाला, तर उसासाठी. आमच्या तयारीचे खरे महिने थंडीचे, आणि कारखान्याचा गळीत हंगामही नेमका तेव्हाच. पहाटेच्या धुक्यात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही वरपर्यंत भरलेल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोळ्या बाहेर आलेल्या असतात, त्या डोळ्यांच्या उंचीला लागतात. रस्त्यावर वाडं पडलेलं, शेतातून चाकाबरोबर आलेला चिखल दवानं ओला झालेला. आमच्या सायकलचा टायर जेमतेम बोटभर रुंद. त्या चिखलावर ब्रेक लावायचा म्हणजे पडायचंच.

मी पडलेय. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात, वडिलांना ताप होता म्हणून एकटीच गेले त्या दिवशी. अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसली तेव्हा ती दहा फुटांवर होती. कॉलरबोन मोडलं. मला उचललं ते बीडकडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांनी. त्या फडावर निघाल्या होत्या. एकीनं डोक्याचा रुमाल सोडला, माझा हात छातीशी बांधला आणि विचारलं, “एवढ्या अंधारात कुठं निघाली होतीस बाई, कुणी मारलं का घरी?” सायकलचा सराव करते म्हटल्यावर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दुखण्यातही मला हसू आलं. त्यांच्या बैलगाड्याही त्याच रस्त्यानं, तशाच बिनदिव्याच्या जातात, हे मला दवाखान्यात पडल्या पडल्या सुचलं. ट्रॅक्टरवाल्यावर मी केस केली नाही. तो त्या रात्रीची तिसरी खेप करत होता, झोपलेला नव्हता.

साहेब, जानेवारी 2026 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. यूसीआय म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या कॅलेंडरमधली, 437 किलोमीटरची. मी रजा टाकून मुलीला घेऊन बघायला गेले होते. पुरंदर तालुक्यात रस्त्याकडेला उभ्या राहिलो. नवं डांबर, खड्डा नावाला नाही, प्रत्येक फाट्यावर पोलीस. पेलोटन, म्हणजे सायकलपटूंचा मुख्य घोळका, गेला तेव्हा नुसता चेनचा आवाज आला, पाऊस येताना पत्र्यावर येतो तसा. मुलगी म्हणाली, “आई, यांच्या मागे आजोबा नाहीत?” शर्यत पुरुषांची होती, आमची अजून नाही, तोही मुद्दा आहे, पण तो पुढच्या पत्रात. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ठरवलं तर महाराष्ट्रात रस्ता मोकळा करता येतो.

लग्न झालं, मूल झालं की बाईची शर्यत संपली, असं अजून समजतात. 2021 साली पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली नावाजलेली शर्यत पहिल्यांदा बायकांसाठी झाली, ती इंग्लंडच्या लिझी डाइग्ननने जिंकली. तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मी हे आमच्या सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि तिच्या मागनं गाडी कोण न्यायचं?” सासूबाईंना शर्यतीतलं काही कळत नाही, पण हा प्रश्न त्यांनी बरोबर जागेवर विचारला.

कारण गावात आता सहा मुली आहेत. आठवी ते अकरावीच्या. दोघींचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी बऱ्यापैकी जळूनच लिहितेय. रविवारी त्या माझ्याबरोबर येतात, उजाडल्यावर. रोज पहाटे या म्हटलं की घरी एकच सवाल होतो : मागे कोण जाणार? ज्या मुलीच्या बापाकडे किंवा भावाकडे गाडी, पेट्रोल आणि पहाटेचे दोन तास आहेत, तीच सायकलपटू होणार. सहापैकी अशी एक आहे. बाकीच्या दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळेपर्यंत खेळतील आणि थांबतील. पुण्यात बालेवाडीचा वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा खास ट्रॅक, इथून सव्वादोनशे किलोमीटर आहे; तो रोजच्या उपयोगाचा नाही.

हैदराबादला 2023 मध्ये रिंग रोडच्या कडेनं 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला, वर सोलरचं छप्पर. आम्हाला छप्पर नको, नवा ट्रॅकही नको. आहे त्याच रस्त्याचा 10 किलोमीटरचा एक तुकडा हवा. नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातले चार दिवस, पहाटे 5 ते 7. तेवढ्या वेळात ऊसवाहतूक दुसऱ्या रस्त्यानं वळवा, दोन टोकांना दोन होमगार्ड उभे करा. आमच्या जिल्ह्यात जमलं तर साताऱ्यात, कोल्हापुरातही जमेल.

दुसरी गोष्ट तुमच्या खात्याची नाही, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुम्ही साखर आणि परिवहनवाल्यांच्या शेजारीच बसत असाल. ट्रॉलीला रिफ्लेक्टर कायद्यानं लागतोच. तो तपासायला रात्री रस्त्यावर कुणाला पाठवू नका. कारखान्याच्या काट्यावर तपासा. प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढतेच. मागे रिफ्लेक्टर नाही तर वजन नाही, एवढं एक पत्रक निघालं तर आठवड्यात सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागतील. बैलगाडीवाल्यांना मात्र पट्ट्या कारखान्यानंच फुकट द्याव्यात, त्यांच्याकडून पैसे कापू नयेत.

वडील 67 वर्षांचे आहेत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोरच्या गाडीचा लाइट आला की काही दिसत नाही, हे त्यांनी मला आत्ता गेल्या महिन्यात सांगितलं. म्हणजे मागचा अख्खा हंगाम ते तसेच माझ्या मागे येत होते. कारखाने नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतील. त्याआधी आपलं उत्तर आलं तर बरं होईल.

आपली,
एक सायकलपटू, जि. सांगली