पुरळाची वाट पाहू नकोस

नागपूर

प्रिय सुधा,
सप्रेम नमस्कार.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला गोवर निघालाय आणि परवाच तुझा नातू त्याच्याशी खेळला, हे लगेच कळवलंस ते फार बरं केलंस. आधी त्याचं लसीकरणाचं कार्ड काढ, आठवणीवर जाऊ नकोस. गोवर-रुबेलाची, म्हणजे एमआरची, पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत देतात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. पहिली राहिली असेल तर उद्याच जा, कारण संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते. ती झाली असेल तर सव्वा वर्षाच्या मुलाला दुसरी लवकर द्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. दोन मात्रांमध्ये निदान चार आठवडे जावे लागतात.

लोक पुरळाकडे बघत बसतात, तिथेच घात होतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्यांना लागण देत असतं आणि उठल्यावर आणखी चार दिवस. मूल खोलीतून गेलं तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. म्हणून नातवावर २१ दिवस लक्ष ठेव. ताप बहुधा दहाव्या दिवसाच्या आसपास येतो. सोबत खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे, आणि उजेड नकोसा होणं. अशा वेळी त्याला खिडकीपाशी घे, चमच्याच्या दांड्याने गाल अलगद बाजूला कर आणि टॉर्च लाव. आतल्या लालसर भागावर, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांएवढे पांढुरके ठिपके दिसले तर गोवरच धर. ते एक-दोन दिवसच टिकतात, तेव्हा दिसले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नकोस.

पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होतं, चेहऱ्यावरून छाती-पोटावर उतरतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पायांवर पोचतं. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, पण हात फिरवला की खरखरीत लागतं. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड यात नसतात.

गोवर निघालाच तर कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा, देवीला नमस्कार करा, हरकत नाही. पण खाणं, पाणी आणि अंगावरचं दूध बंद करू नका. आपल्याकडे नेमकं तेच करतात आणि मूल खचतं. 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस द्यायच्या असतात. वर्षावरच्या मुलाला प्रत्येकी २ लाख युनिट, तेही डॉक्टरांच्या हातून. त्याने डोळे वाचतात. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही. श्वास जलद चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, फिट आली, मूल गुंगीत गेलं किंवा दूध घेईना, तर तडक मेयो नाहीतर मेडिकल या आपल्या सरकारी रुग्णालयांत न्या. दारातच 'गोवराचा संशय आहे' असं सांगा, म्हणजे ओपीडीच्या गर्दीत बसवणार नाहीत.

आणखी एक. साधी सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलू नकोस. दुसरी मात्रा बहुतेक घरांत अशीच राहते. एका मात्रेने शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं, दोन्हींनी सुमारे ९७ जणांना. लसीची पूड द्रावणात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. कुपी कधी मिसळली हे सिस्टरना विचारायला संकोच करू नकोस, आपल्या उन्हाळ्यात तर नक्की विचार.

सूनबाईला दिवस गेले असतील तर तिला वरच्या मजल्यावरच्या त्या मुलापासून लांब ठेव. गर्भारपणी एमआर देत नाहीत.

कार्डाचा फोटो आज रात्रीपर्यंत पाठव, तारखा पडताळून सांगते.

तुझी,
नलू