आधी पाणी, मग पाटी

माननीय संपादक,

आपल्या भागातल्या खेळाडूच्या नावाने सामुदायिक बाग करायचे ठरले, की पहिली बोलणी पुतळ्याची आणि उद्घाटनाच्या तारखेची होतात. नळ कुठे बसवायचा, पाणी रोज कोण घालणार, हे विचारायचे राहून जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात वाफे करपतात आणि त्या खेळाडूचे नाव वाळक्या काड्यांवर उभे राहते. ज्याने आयुष्यभर घाम गाळला त्याच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून हे पत्र.

अशा बागेला जागा सुचते ती बहुधा जुन्या मैदानाच्या कडेची. तिथे रोलर फिरून फिरून माती इतकी दबलेली असते की मुळे खाली जात नाहीत आणि पाणी वरच साचते. तेव्हा 30 सेंमी रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात अडीच सेंमीही पाणी उतरले नाही, तर वाफे जमिनीच्या वरच बांधावेत. दिवसाचे सहा तास ऊन हवेच. ते नकाशावर कळत नाही, जागेवर उभे राहून पाहावे लागते.

वाफा 1.2 मीटर रुंद ठेवा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, मातीत पाय द्यावा लागत नाही. लांबी 3 मीटर, उंची 30 सेंमी. अशा 20 वाफ्यांना जवळजवळ 22 घनमीटर भर लागते: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत. भर पुढे खाली बसते, म्हणून थोडी शिल्लक ठेवा. कच्चे शेणखत घाईने टाकले की ते तापते, कोवळी मुळे जळतात, वर हुमणीही (मुळे खाणारी अळी) येते. मूठभर खत हातात घ्यावे: गरम लागू नये, आणि नाकाला झोंबण्याऐवजी मातीसारखा वास यावा. मधल्या वाटा 90 सेंमीच्या हव्यात, चाकाच्या खुर्चीला त्याहून कमी पुरत नाही.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. 20 वाफ्यांचे क्षेत्र 72 चौरस मीटर. कडक उन्हात चौरस मीटरला दिवसाला साधारण 5 लिटर धरले, तर रोजचे 360 लिटर झाले. म्हणजे 1,000 लिटरची टाकी तीन दिवसही पुरत नाही. टाकी दोन मीटर उंचावर ठेवून ठिबक जोडले तर दाब मिळतो जेमतेम 0.2 बार, आणि नेहमीचे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) बनवलेले असतात सुमारे 1 बारसाठी. मग जवळच्या वाफ्यात चिखल होतो आणि टोकाचा वाफा कोरडा राहतो. कमी दाबावर चालणारे ठिबक घ्या किंवा लहान पंप लावा, आणि गाळणी दर आठवड्याला धुवा. ती तुंबली की ड्रिपर तुंबायला वेळ लागत नाही.

खेळाडूची आठवण पुतळ्याऐवजी मापांत ठेवता येते. धावपटू असेल तर भोवतीची वाट मोजून 100 मीटरची करा. लांब उडीवाला असेल तर त्याच्या सर्वोत्तम उडीचे अंतर दोन दगडांत बसवा. पोरे ते ओलांडायला धावतीलच. मल्ल असेल तर मध्ये 9 मीटर व्यासाची गोल हिरवळ, कुस्तीच्या मॅटवरच्या वर्तुळाएवढी. झाडही चालते. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णविजेत्यांना ओकचे रोप देत. 1500 मीटर जिंकलेल्या जॅक लव्हलॉकचे रोप न्यूझीलंडमधल्या टिमारूच्या शाळेत वृक्ष होऊन आजही उभे आहे. फक्त झाड उत्तरेच्या कडेला लावा, नाहीतर त्याची सावली वाफ्यांवर पडेल.

पाटीवरचा मजकूर खेळाडूला किंवा घरच्यांना दाखवून, त्यांची संमती घेऊनच कोरावा. खाशाबा जाधवांचे 1952 चे हेलसिंकीतले कांस्य ‘भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक’ म्हटले की चूक होते. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. हॉकीची सुवर्णे त्याआधीची. दगडातली चूक खोडता येत नाही.

जागेचा करार लेखी आणि निदान पाच वर्षांचा असावा. वाफे नावावर द्या, पाण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहा, आणि तीन आठवडे वाफा पडून राहिला तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितले की भांडण होते. जमलेल्या पैशांतला एक तृतीयांश पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळा काढा. उद्घाटन पहिल्या काढणीनंतर ठेवा आणि पहिली टोपली त्या खेळाडूच्या घरी पोचवा.

— सामुदायिक बागांत काम करणारे काही वाचक