ऑनलाइन बोलायचं कसं, हेही शिकवा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाईल हातात आल्यापासून मुलं उद्धट झालीत हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकायला मिळतं. मी आठवीला शिकवते आणि मला ते पूर्ण पटत नाही, म्हणून हे पत्र.

मागे एका मुलाचा रात्री अकरा वाजता मेसेज आला, "उद्याचा पोर्शन का नाही टाकला अजून". ना मॅडम, ना काही. खरं सांगते, रागच आला. सकाळी त्याला बाजूला बोलावलं आणि म्हटलं, हे मला मोठ्याने वाचून दाखव. त्याने वाचलं तर आवाजात नुसती काळजी, टेस्ट होती आणि काय वाचायचं तेच माहीत नव्हतं म्हणून बिचारा घाबरला होता. शब्द तेच होते पण आवाज आणि चेहरा माझ्यापर्यंत आलेच नव्हते.

ही अडचण मोबाईलच्या आधीपासूनची आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कम्प्युटरवरच्या चर्चेत कोण गंमत करतंय तेच कळेना, तेव्हा तिथल्या स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञांनी कोलन, डॅश आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची जी नियमावली निघाली तिच्यात तर स्पष्ट लिहिलंय की भावनेच्या भरात उत्तर द्यायचं असेल तर एक रात्र जाऊ द्या. मोठी शिकलेली माणसंसुद्धा यात चुकत होती, मग तेरा वर्षांच्या पोराला हे आपोआप कसं येणार?

आणि समोरचा दिसत नसला की जीभ सैल सुटते, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये नीट मांडलंय. समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसले की मूल थांबतं, स्क्रीनवर ते दिसतच नाहीत. आमच्याकडे एका मुलीच्या फोटोवर दोघांनी घाण लिहिलं, बाकीच्यांनी फक्त हसण्याचे इमोजी टाकले, त्यांना वाटलं आपण काहीच केलं नाही. तिला मात्र अख्खा वर्ग हसला असं वाटलं आणि ती चार दिवस शाळेत आली नाही. नंतर मेसेज डिलीट केले पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते.

शाळेत आपण पत्राचा मायना घोकून घेतो, आणि मुलं दिवसभर जे लिहितात ते मेसेज मात्र कुणी शिकवत नाही. मी आता महिन्यातून एक तास त्यासाठीच ठेवलाय. नावं काढून खरेच मेसेज फळ्यावर लिहायचे, मोठ्याने वाचायचे, ज्याला तो आला त्याला काय वाटलं असेल ते बोलायचं आणि मग पुन्हा लिहायचे. भाषण अजिबात नाही, भाषण मुलं ऐकतच नाहीत. पालकांनाही हात जोडून एक विनंती, पालकांच्या ग्रुपवर आपण एकमेकांना आणि शिक्षकांना जे लिहितो ते मुलं आईच्या फोनवर वाचत असतात हो!

हा तास पाचवीपासून, स्वतःचा फोन मिळायच्या आधीच सुरू व्हायला हवा, आठवीपर्यंत सवयी पक्क्या होतात आणि मग मोडायला फार वेळ जातो. त्या मुलाने स्वतःचाच मेसेज पुन्हा लिहिला तो असा, "मॅडम, उद्याचा पोर्शन ग्रुपवर सापडला नाही, सकाळी सांगितला तरी चालेल."

आपली,
एक शिक्षिका