वहीतला चौथा रकाना

प्रिय बाळा,

तुझी बायको गेली. तुम्ही दोघांनी मिळून नाव नोंदवलेल्या मॅरेथॉनला आता १८ आठवडे उरलेत आणि तुला ती धावायचीच आहे. धाव, मी अडवणार नाही. पण 'धावलं की बरं वाटतं' एवढ्या भरवशावर ४२.१९५ किलोमीटर निघत नाहीत, म्हणून हे लांबलचक पत्र. यात सांत्वन फारसं सापडायचं नाही. ते आपण फोनवर बोलू.

आधी एक वही सुरू कर. तिच्यात रोज चार रकाने. पहिल्यात किती मिनिटं धावलास. दुसऱ्यात किती जड गेलं, ० ते १० मध्ये. हा आकडा धाव संपल्यावर अर्ध्या तासाने लिहायचा, कारण शेवटच्या चढावर दम लागला असेल तर लगेच लिहिलेला आकडा फुगतो. तिसऱ्यात रात्रीची झोप. चौथ्यात दिवस कसा होता, एका ओळीत: बँकेत गेलो, तिचं कपाट उघडलं, कुणीतरी तिचं नाव घेतलं, काही नाही.

पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाची ही पद्धत. साधी आहे आणि घड्याळापेक्षा खरं बोलते. ६० मिनिटं रमतगमत धावलास आणि ४ वाटलं, तर भार २४०. तोच रस्ता, तोच वेग, पण आदल्या रात्री तीन तास झोप आणि दिवस मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जमवण्यात गेलेला. आता ७ वाटलं, तर भार ४२०. अंतर तेवढंच, शरीराने मोजलं पावणेदोनपट. छापील वेळापत्रकाला हे कळत नाही. ते समजतं की तू नुसता धावपटू आहेस.

शोकाचा भार खरोखर शरीरावर पडतो. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल वाढलेलं राहतं, झोप तुटते, विश्रांतीतली नाडी वर सरकते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात जोडीदार गमावलेल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा काही आठवड्यांनी त्यांच्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. लांब पल्ल्याचा जोरकस सरावही प्रतिकारशक्तीला थोडा ताण देतोच. म्हणून सर्दी-घशाला या वर्षी हलक्यात घेऊ नकोस. लक्षणं मानेच्या खाली असली, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, ताप, तर धावणं पूर्ण बंद. ताप उतरल्यावरही एक-दोन दिवस नुसतं चालायचं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी आणि ईसीजी करून घे. जवळचं माणूस गेल्यावर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यांत जास्त असतो आणि मग उतरत जातो. तू त्यातून पुढे आलास, तरी तपासणी टाळायची नाही. टाकोत्सुबो नावाचा एक विकार आहे, त्याचं पहिलं वर्णन १९९० मध्ये जपानमध्ये झालं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा खालून फुगतो, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. तो जास्त करून वयस्क बायकांना होतो, पण मुद्दा असा की लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची असतात आणि घरी बसून दोन्हींतला फरक कुणालाच करता येत नाही. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अनियमित धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर 'आठवण आली असेल' असं म्हणायचं नाही. थांबायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांनी झोपेची किंवा मनासाठी गोळी दिली असेल, तर मॅरेथॉनचं त्यांना आवर्जून सांग. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, काहींनी घाम कमी येतो आणि अंग तापतं. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी फारशी वर जात नाही, मग घड्याळातले हार्ट रेटचे टप्पे निरर्थक. गोळी मनाने बंद करायची नाही, सराव तिच्याभोवती बसवायचा.

आता सराव. पहिले सहा आठवडे वेग हा शब्द विसर. आठवड्यातून चार दिवस, सगळं सोपं, पूर्ण वाक्य बोलता येईल असं. मोठी धाव १२ किलोमीटरपासून सुरू कर, दर आठवड्याला दोन वाढव, चौथ्या आठवड्यात पुन्हा १२ वर ये. सातव्यापासून एक दिवस थोडा जोर, तोही झोप धड असेल तर. सगळ्यांत लांब धाव ३० किलोमीटर, पंधराव्या आठवड्यात, आणि तिथून पुढे टेपर, म्हणजे सराव हळूहळू कमी करत आणायचा. ३५ करून बघण्याचा मोह होईल. करू नकोस. त्याने तयारीत फारशी भर पडत नाही आणि सावरायला दिवस जातात.

उतरते, म्हणजे मुद्दाम कमी धावायचे आठवडे मी चौथा, आठवा आणि अकरावा असे धरलेत. नियमाने तिसरा बाराव्यात यायला हवा. पण तुमच्या लग्नाचा वाढदिवस अकराव्यात येतो, म्हणून एक आठवडा अलीकडे ओढलाय. अशा तारखेला शरीर दोन-चार दिवस आधीच आखडायला लागतं, झोप आधी जाते. त्या आठवड्यात २६ किलोमीटर ठेवलेस तर एक तर ते होणार नाहीत, नाहीतर रागारागाने होतील. दुसरं जास्त वाईट.

बुडालेली धाव भरून काढायची नाही. हा नियम कुठल्याही वर्षी खरा, या वर्षी दुप्पट. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर जोराचा दिवस रद्द, फक्त अर्धा तास चालणं. सकाळी उठायच्या आधी नाडी मोज. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी काढ आणि सलग तीन दिवस ती सात-आठ ठोक्यांनी वर दिसली तर विश्रांती. पहाटे तीनला जाग आली म्हणून बूट चढवायचे नाहीत. उजाडेपर्यंत थांब आणि उजेडात जा. सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. रात्री उशिरा जोरात धावलं की ते आणखी बिघडतं.

रस्त्यात रडू येईल. लांब धावेत तर येतंच, कारण एकसुरी पावलांत मन मोकळं सुटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त श्वासाचं गणित सांभाळायला हवं. हुंदका म्हणजे श्वासपटलाचे झटके. ते धावण्याच्या श्वासाशी भांडतात, बरगडीखाली चमक भरते. भराभर उथळ श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. घाबरलास की श्वास आणखी वाढतो. तेव्हा रस्त्याच्या कडेला हो आणि चालायला लाग. नाकाने चार मोजत आत, ओठांचा चंबू करून सात-आठ मोजत बाहेर, असं दहा वेळा. एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोलता आलं की आणखी दोन मिनिटं चाल, मग आधीपेक्षा हळू धाव. चालण्याची ती मिनिटंही वहीत धरायची, वजा करायची नाहीत.

खाण्याकडे मात्र मला तुझी खरी काळजी वाटते. एकट्यासाठी रांधायचं कशाला, या विचाराने जेवण सुटतं, आणि भूक मेलेली असते म्हणून ते कळतही नाही. सराव वाढला आणि अन्न घटलं की शरीर हाडांतही काटकसर करतं. नडगीवर किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं, रात्री ठणकणं, त्या पायावर लंगडी घालताना कळ: हा स्नायू नाही, हाडाला ताण बसलाय. पळून ते सुटत नाही, मोडतं. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर निश्चिंत राहू नकोस. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी वजन कर. सलग तीन आठवडे खाली जात असेल तर किलोमीटर वाढवायचे नाहीत. भूक नसेल तेव्हा प्यायला येईल असं काही घे, आणि धाव संपल्यावर तासाभराच्या आत खा, भूक असो-नसो. वेळ लावून औषधासारखं.

आणखी एक गोष्ट वहीतच दिसेल. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस दोन बाजूंत हेलकावत असतो: कधी गेलेल्याकडे, कधी रोजच्या व्यवहाराकडे. हेलकावा थांबला की बिघडतं. धावणं त्या दुसऱ्या बाजूला पडतं, म्हणून ते विसावा देतं. पण चौथा रकाना आठवडेच्या आठवडे कोरा राहिला, तिची कागदपत्रं तशीच पडली आणि किलोमीटर मात्र ठरल्यापेक्षा जास्त भरायला लागले, तर ती पळवाट झाली. गुडघा दुखत असताना धावणं, दिवसातून दोनदा धावणं, दुखलं की बरं वाटणं, 'मला हे सोसायलाच हवं' असं मनात येणं, या खुणा ओळख. त्यातलं शेवटचं आलं तर त्या आठवड्यात धावू नकोस, माझ्याशी बोल. आणि जगणं नको असा विचार आला, एकदा जरी, तर वेळ बघायची नाही, मला उठवायचं. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.

तिच्या वस्तूंचं. तिचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, लावून धावायचं नाही, तुझ्यासोबत दुसऱ्या कुणी तिच्या जागी धावायचंही नाही. बिबवरच्या नंबराशी आणि चिपशी वैद्यकीय माहिती जोडलेली असते. कुणी कोसळलं तर डॉक्टर चुकीच्या माणसाची माहिती वाचतील. आयोजकांना लिहून तिचं नाव मागे घे, बिब आठवण म्हणून मिळतो का ते विचार. तिचं नाव अंगावर लावायचं असेल तर पाठीवर लाव. छातीवर लावलंस तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक चार-पाच तास तेच नाव घेऊन तुला हाका मारतील. कुणाला ते बळ देतं, कुणाला पंधराव्या किलोमीटरला मोडतं. तुझं तू ठरव, पण आधी ठरव.

अंगठी: लांब धावेत बोटं सुजतात, अंगठी रुतते. साखळीत घातलीस तर साखळी मान सोलते. २० किलोमीटरच्या धावेत घालून बघ, नाहीतर पट्ट्याच्या चेनबंद खिशात ठेव. तिचा सुती टी-शर्ट नको. घाम धरतो, काखा आणि स्तनाग्रं रक्ताळतात. त्याचा छोटा तुकडा तुझ्या बनियनच्या आतून शिव, शिवण बाहेरच्या बाजूला ठेव. तिची गाणी ऐकायची असतील तर लांब धावेत आधी ऐकून बघ. स्पर्धेच्या दिवशी नवं काही नाही हा नियम बूट-मोज्यांइतकाच या सगळ्याला लागू आहे.

त्या दिवशी पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू धाव. गर्दी आणि भरून आलेलं मन दोन्ही वेग वाढवतात आणि तुला तो सोपा वाटेल. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. धावताना खायच्या गोड जेलच्या एका पुडीत साधारण २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन, पहिला ३०-४० मिनिटांनी, घोटभर पाण्याबरोबर. पाणी तहानेइतकंच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं सापडलं, आणि त्याचा सगळ्यांत मोठा संबंध पाणी जास्त पिऊन वजन वाढण्याशी होता. वेदनाशामक आयबुप्रोफेन घेऊन धावू नकोस, मूत्रपिंडावर येतं.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येतो. तिथे जे विचार येतील, 'ती असती तर', 'काय उपयोग', ते फार खोल समजू नकोस. बऱ्याचदा ती नुसती साखर कमी पडलेली असते. जेल घे, दोन मिनिटं चाल, मग बघ कोणता विचार उरतो. मी ३२ व्या किलोमीटरच्या खुणेपाशी, तुझ्या उजव्या हाताला उभी असेन. धावत पुढे जायचं की थांबायचं हे तू ठरवायचं, मी विचारणार नाही.

शेवटची रेषा ओलांडल्यावर जागीच थांबू नकोस आणि कुणाच्या गळ्यातही पडू नकोस. पायांतलं रक्त वर ढकलणारे स्नायू थांबले की रक्तदाब एकदम पडतो आणि माणूस कोसळतो. दहा मिनिटं चालत राहा. चक्कर आली तर आडवा हो, पाय वर. रडायला नंतर भरपूर वेळ आहे. तिकडे तुझी बहीण असेल, जागा नेमकी ठरवून घ्या, 'फिनिशपाशी' एवढं पुरत नाही.

नंतरचे दोन आठवडे धावण्याचं वेळापत्रक नाही. त्या दिवसांत एक पोकळी येते, मॅरेथॉन धावलेल्या पुष्कळांना येते. तुला ती दुहेरी वाटेल. वही मात्र बंद करू नकोस. पहिला रकाना रिकामा राहू दे, चौथा लिही.

आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये, बिबच्या मागच्या बाजूला, तुझ्या फोनमध्ये आणि घड्याळात, आणीबाणीत कुणाला कळवायचं या जागी अजून तिचाच नंबर असेल. चारही ठिकाणी बघ. तिथे माझा टाक आणि टाकलास की कळव.

तुझी,
आई