प्रकाशन-वर्षांच्या चुकीच्या नोंदींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आमच्या डिजिटल संग्रहाच्या मेटाडेटातील चुका व त्यावर आपण सुचवलेला उपाय

महोदय,

आमच्या वाचनालयातील जुनी पुस्तके व मासिके स्कॅन करून नोंदींसह डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या संगणक-प्रणालीवर चढवण्याचे काम आम्ही आपल्याकडे सोपवले होते. स्कॅनिंग उत्तम झाले आहे. तक्रार आहे ती नोंदींची.

एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘माघ, शके १८१०’ असे स्वच्छ छापलेले असताना आपल्या नोंदीत प्रकाशन-वर्ष नुसते १८१० आहे आणि वाचकाला ते इसवी सन म्हणूनच दिसते. ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. त्याच्याही बावीस वर्षे आधीचे मराठी मासिक आमच्या कपाटात आहे, हे आम्हाला आपल्याकडूनच समजले! एका अभ्यासक बाईंनी १८८० ते १८९० या काळातले अंक शोधले, तेव्हा हा अंक यादीत आलाच नाही.

हे कळवल्यावर आपल्या प्रतिनिधींनी १८५०च्या आधीच्या सर्व वर्षांत एकदम ७८ मिळवून देण्याची तयारी दाखवली. हा उपाय आम्हाला मान्य नाही. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने ७८चा हिशोब डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो, पुढे ७९ धरावे लागतात. म्हणजे वरील अंक १८८९चा आहे, १८८८चा नव्हे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, १८४५ असा इसवी सन छापलेले पुस्तक या सरसकट बेरजेने १९२३चे होईल, तर शके १८५२चे, म्हणजे १९३०च्या सुमाराचे पुस्तक त्यातून सुटून १८५२चेच राहील आणि त्याबद्दल कोणाला शंकाही येणार नाही. आजची चूक निदान डोळ्यांत भरते.

तरी प्रत्येक नोंद मुखपृष्ठाच्या स्कॅनशी ताडून दुरुस्त करावी. छापलेली मिती जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि तारखेच्या रकान्यात इसवी सन द्यावा. दुरुस्तीपूर्वी सध्याच्या सर्व नोंदींची प्रत आमच्याकडे पाठवावी. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज हे दोन स्वतंत्र लेखक म्हणून नोंदले गेले आहेत, तेही याच फेरीत जोडून घ्यावे.

काम तपासून होईपर्यंत शेवटचा हप्ता कार्यकारी मंडळाने रोखून ठेवला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
कार्यवाह