गुरुवारच्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या गुरुवारी मंदिराच्या सभामंडपातील सतरंज्या गुंडाळताना मी आपले आभार मानू लागले, तेव्हा "ते राहू द्या, आज तळवे पाहिलेत का?" असे विचारून आपण तो विषयच मिटवलात. समोर जे बोलता आले नाही ते आता लिहून कळवीत आहे. हे पत्र सर्वांना वाचता यावे असे मुद्दाम लिहिले आहे, कारण आपल्या नाशिकमध्ये सिडकोत, सातपूरला, पंचवटीत अशी पुष्कळ घरे असतील, जिथे मधुमेहाची फाइल कपाटात पडून आहे आणि घरातील एक माणूस त्या आजाराशी एकट्यानेच झुंजत आहे.

दर गुरुवारी मंदिरात भरणाऱ्या आपल्या मधुमेहींच्या गटात मी प्रथम आले तेव्हा माझ्या मधुमेहाला सहा वर्षे झाली होती. मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी १०.४ आली होती आणि गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन सुरू झाले होते. मी जात होते त्या दवाखान्यात "गोड बंद, भात कमी, रोज चाला" एवढे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली जाई. त्या सांगण्यात चूक काहीच नव्हती. मात्र पहाटेचे डबे, शाळेच्या कार्यालयातील नोकरी आणि संध्याकाळी सासूबाईंचे औषधपाणी यांत ते चालणे बसवायचे कुठे, हे कोणालाही विचारता येत नव्हते, आणि जमत नाही याची लाज वाटून मी तपासणीच टाळू लागले होते.

पहिल्याच गुरुवारी मी उत्साहाने सांगितले की उद्यापासून रोज तासभर चालेन. आपण वही पुढे केलीत आणि चार गोष्टी लिहायला लावल्यात : काय करणार, किती, कधी आणि आठवड्यातून किती दिवस. त्यानंतर विचारलेत, "हे जमेल याची खात्री शून्य ते दहांत किती?" मी खरे तेच सांगितले, चार. आपण रागावला नाहीत, उपदेशही केला नाहीत. सात किंवा त्याहून अधिक येईपर्यंत बेत लहान करा, एवढेच म्हणालात. शेवटी ठरले ते असे : रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे, इमारतीच्या आवारातच, आठवड्यातून चार दिवस. खात्री आठ. पुढच्या गुरुवारी चारांपैकी तीन दिवस झाले होते आणि सहा वर्षांत प्रथमच मी आजाराविषयी मान वर करून बोलले.

ही पद्धत आपल्याला परिचारिका असलेल्या सूनबाईंनी समजावून दिली, हे मला पुढे कळले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. पुढे सर्वच दीर्घकालीन आजारांसाठी जो कार्यक्रम तयार झाला, तो सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास असा असतो आणि तो चालवणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण स्वतः असा आजार असलेला असतो. संधिवाताच्या त्या वर्गांविषयी वाचलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. वेदना कमी होण्याचा संबंध कोणी किती व्यायाम केला यापेक्षा, आपल्याला हे जमेल असा विश्वास किती वाढला, याच्याशी अधिक दिसून आला. आपल्या त्या शून्य ते दहांच्या प्रश्नामागे काय आहे, हे मला तेव्हा उमगले.

दुसऱ्या गुरुवारी आपण डाव्या पायातील मोजा काढलात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तिथे नव्हते. कारखान्यात टर्नरचे काम करीत असताना बुटात शिरलेला लोखंडाचा बारीक तुकडा दोन दिवस पायात रुतून राहिला होता आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे आपल्याला तो कळलाच नव्हता. हे सांगताना आपला आवाज जराही हलला नाही. नंतर गुलाबी चौकटीचा एक लहानसा आरसा आपण सर्वांमध्ये फिरवलात. सतरंजीवर बसून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून, आम्ही चौदा जण आपापले तळवे न्याहाळत होतो. माझ्या उजव्या टाचेला भेग पडलेली होती, तिच्यात रक्त सुकलेले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या वर्षी श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला मी नेहमीप्रमाणे अनवाणी जाणार होते. आपण जाऊ नका असे म्हणाला नाहीत. पायाला खडा कळतो का, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्या, असे म्हणालात. डॉक्टरांनी अंगठ्याखाली नायलॉनचा धागा टेकवला, तो मला कळला नाही. मी बूट घालून फेरी पूर्ण केली आणि त्यामुळे त्र्यंबकराजाच्या चरणी काही उणे पडले, असे मला वाटत नाही.

द्वारका चौकातील प्रसंग मी आपल्याला सांगितलेला नाही. जेवणाची वेळ टळून गेली होती, बस कोंडीत अडकली होती, हात थरथरू लागले आणि दरदरून घाम फुटला. तपासले तर साखर ५८, म्हणजे फारच उतरलेली. पूर्वी मी पर्समध्ये चॉकलेट ठेवीत असे. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, हे आपण समजावून सांगितल्यापासून तीन चमचे साखरेची पुडी ठेवते. ती खाल्ली आणि घड्याळ पाहत पंधरा मिनिटे थांबले. ती पंधरा मिनिटे फार कठीण असतात, कारण समोर येईल ते खात सुटावे असे वाटते. पुन्हा तपासले तेव्हा ९४ होती. मग डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, "मावशी, डॉक्टर आहात का?"

आपण डॉक्टर असल्याचा आव कधीही आणला नाहीत, याचाही उल्लेख केला पाहिजे. इन्सुलिनच्या युनिटांचा विषय कोणी काढला की आपण वही मिटता आणि तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे न्यायला सांगता. माझे डॉक्टर आता आधी चिठ्ठी मागतात आणि नंतर रिपोर्ट पाहतात.

माझी एचबीए१सी या महिन्यात ७.४ आली आहे. पुढील तुकडीला आपल्या शेजारी बसून शिकवाल का, असे आपण दिवाळीपूर्वी विचारले होते, तेव्हा माझी खात्री पाच होती. त्यानंतर मी दोनदा एकटीने नव्या सदस्यांना आरसा कसा धरायचा ते दाखवले आहे. आज ती खात्री सात आहे. येत्या गुरुवारी सतरंज्या घालायला मी अर्धा तास आधी येते.

आपली नम्र,
गुरुवारच्या गटातील एक सदस्य,
नाशिक